छपरावर 60 किलोवॅट सोलर: आयात ड्यूटी उतरेपर्यंत थांबावं का?

मागवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, मंजूर भार 75 किलोवॅट, दोन पाळ्या, छप्पर पत्र्याचं. 60 किलोवॅट सोलर नेट मीटरिंगवर, म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घ्यायच्या पद्धतीवर, बसवायचं आहे. तीन कोटेशन हातात आहेत आणि तिन्हींचा मेळ लागत नाही.

पहिला म्हणतो डीसीआर पॅनलच लावावे लागतात, सरकारी नियम आहे. दुसऱ्याचं कोटेशन नॉन-डीसीआर पॅनलचं आहे आणि ते साडेपाच लाखांनी कमी. तिसरा म्हणतो सहा महिने थांबा, पॅनलवरची 40 टक्के ड्यूटी उतरणार आहे, मग सगळंच स्वस्त होईल.

माझे प्रश्न असे. ही 40 टक्के ड्यूटी नेमकी माझ्या बिलात किती रुपये पडते? ती उतरेपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे का? हवामान बदलासाठी सौरऊर्जा वाढवायची म्हणतात आणि त्याच मालावर ड्यूटीही लावतात, जगभरात हे अडथळे काढायची बोलणी झाली होती ना, त्यांचं काय झालं? आणि शेवटचा, जर्मनीचा खरेदीदार टॉवेलमागे कार्बनचा आकडा मागतोय. युरोपचा तो सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरचा कर, टॉवेलला लागतो का?

---

हिशेबी_पार्क चौक

दादा, आधी एक गोष्ट निकाली काढू. डीसीआर म्हणजे सेलही भारतात बनलेला आणि पॅनलही भारतात जोडलेलं. ही अट अनुदानाच्या योजनांना आहे. घरगुती छतासाठीची पीएम सूर्यघर, शेतकऱ्यांसाठीची कुसुम, या त्या योजना. सूर्यघरमध्ये 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात, ते फक्त घरांना. कारखान्याला अनुदान नाही, त्यामुळे आज डीसीआरची सक्तीही नाही. पहिल्या कोटेशनवाल्याला सांगा, नियमाचा कागद दाखव.

तुम्हाला लागू होतो तो वेगळा नियम. एएलएमएम, म्हणजे केंद्राच्या नवीन ऊर्जा मंत्रालयाची मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांची यादी. नेट मीटरिंगला पॅनल या यादीतलंच लागतं. या यादीत एकही चिनी कारखाना नाही. म्हणजे चीनमधून तयार आलेलं पॅनल तुमच्या छपरावर नेट मीटरिंगसाठी चढूच शकत नाही, ड्यूटी 40 टक्के असो नाहीतर शून्य असो. तिसऱ्याने तुम्हाला जे सांगितलं ते इथेच कोसळतं.

आता ड्यूटीचा आकडा. एप्रिल 2022 पासून तयार पॅनलवर 40 टक्के आणि सेलवर 25 टक्के बेसिक ड्यूटी होती. फेब्रुवारी 2025 च्या बजेटमध्ये दोन्हीवर 20 टक्के केली. पेपरात 'ड्यूटी निम्म्यावर' असं छापून आलं, पण त्याच बजेटने कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला, पॅनलवर 20 टक्के आणि सेलवर साडेसात. बेरीज करा. पॅनलवर पुन्हा 40, सेलवर 27.5. बजेटच्या दिवशी एकच रकाना वाचून निर्णय घेणाऱ्यांची इथे फसगत होते.

तुमच्या नॉन-डीसीआर कोटेशनमधलं पॅनल म्हणजे बहुधा बाहेरून आणलेला सेल, भारतात काच, फ्रेम, जंक्शन बॉक्स लावून जोडलेला. म्हणून तुम्ही भरता ती ड्यूटी पॅनलवरची 40 नव्हे, सेलवरची 27.5. आकडेमोड अशी. भाव रोज हलतात, म्हणून मी 'समजा' धरून चालतो:

सेलचा बंदरावरचा भाव समजा वॅटला 3 रुपये. त्याचे 27.5 टक्के म्हणजे 82-83 पैसे. 60,000 वॅटला साधारण 50,000 रुपये. पूर्ण प्रकल्प वॅटला 45 रुपये धरला तर 27 लाख. म्हणजे सेलवरची ड्यूटी उद्या शून्य झाली आणि कारखानदाराने तिचा पैसा न् पैसा तुमच्यापर्यंत पोचवला, तरी दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक.

थांबण्याची किंमत आता बघा. सोलापुरात 1 किलोवॅटला वर्षाची सरासरी रोज 4 युनिट धरा. 60 किलोवॅट म्हणजे रोज 240 युनिट. युनिट 7 रुपये धरलं तर दिवसाला 1,680, महिन्याला 50,400. एक महिना थांबलात की ड्यूटीची सगळी बचत गेली. पुढचे पाच महिने निव्वळ तोटा.

आता खरी तारीख. 1 जून 2026. त्या दिवसापासून एएलएमएमची दुसरी यादी लागू होते, ती सेलची. त्यानंतर सुरू होणाऱ्या नेट मीटरिंग प्रकल्पांतल्या पॅनलमधला सेलही यादीतल्याच कारखान्याचा लागणार. डीसीआर आणि नॉन-डीसीआरमधला फरक तुमच्या कोटेशनमध्ये साडेपाच लाख, म्हणजे वॅटला नऊ रुपयांच्या आसपास पडतोय. तुमच्यासाठी मोठा अडथळा हा आहे. ड्यूटीचे 83 पैसे त्याच्यापुढे काहीच नाहीत. काम मेअखेर पूर्ण होऊन मीटर लागणार असेल तर नॉन-डीसीआर घ्या. लागण्याची खात्री नसेल तर घेऊ नका, कारण माल छपरावर आणि मंजुरी अडकलेली, अशी पाळी येईल.

जीएसटीबद्दल एक ओळ. सोलरचा दर सप्टेंबर 2021 पर्यंत 5, मग 12 आणि 22 सप्टेंबर 2025 पासून परत 5 टक्के. पूर्ण प्रकल्पाच्या कंत्राटात 70 टक्के माल आणि 30 टक्के सेवा धरतात, सेवेवर 18 टक्के. म्हणून एकूण 13.8 चा 8.9 झाला. कोटेशन जुन्या दराचं नाही ना, बघून घ्या. तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळत असेल तर हा पैसा फिरून येतो, घरगुती ग्राहकाला मात्र ती खरी बचत आहे.

---

जकातनाका

वरचा हिशेब बरोबर आहे. जगाच्या बोलण्यांचं विचारलंत, त्यावर लिहितो.

2001 मध्ये दोहाच्या जाहीरनाम्यातच जागतिक व्यापार संघटनेने ठरवलं होतं की पर्यावरणोपयोगी मालावरचे जकातीचे आणि बिगर-जकातीचे अडथळे कमी करायचे किंवा काढायचे. बोलणी यादीवर अडकली. कुठला माल 'पर्यावरणोपयोगी' म्हणायचा? 2012 मध्ये अ‍ॅपेकच्या म्हणजे आशिया-प्रशांत आर्थिक गटाच्या 21 अर्थव्यवस्थांनी व्लादिवोस्तोकला 54 वस्तूंची यादी केली आणि 2015 अखेर त्यांवरची जकात 5 टक्क्यांवर किंवा त्याखाली आणायचं ठरवलं. भारत अ‍ॅपेकमध्ये नाही. मग जुलै 2014 मध्ये काही देशांनी वेगळा पर्यावरण वस्तू करार हाती घेतला. डिसेंबर 2016 मध्ये तो मोडला. त्यातही भारत नव्हता. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यूझीलंड, कोस्टा रिका, आइसलँड आणि स्वित्झर्लंड या चौघांनी आपापसात असा करार केला. देश लहान आहेत, पण यादी करून त्यावरची जकात काढता येते एवढं त्यांनी दाखवलं.

यादी का अडते ते कळायला जकातीचं कोडपुस्तक उघडावं लागतं. जगभर सहा आकड्यांपर्यंत कोड एकच असतो. सोलर सेल 8541.42, जोडलेलं पॅनल 8541.43, पवनचक्की 8502.31. इथपर्यंत सोपं. पण इन्व्हर्टर 8504.40 मध्ये येतो आणि त्याच कोडमध्ये मोबाइलचा चार्जर आणि संगणकाचा यूपीएसही बसतो. सोलर पंपाचा पंप 8413 मध्ये, जिथे पाण्या-तेलाचे झाडून सगळे पंप आहेत. पवनचक्कीचा मनोरा 7308.20 मध्ये, तिथेच टॉवर लाइनचे खांब. जकात कोडवर लागते, वापरावर लागत नाही. सौर इन्व्हर्टरसाठी सवलत दिली की चार्जरवाला त्याच दारातून आत येतो. म्हणून प्रत्येक देश आपल्या कोडच्या सातव्या-आठव्या आकड्यावर वेगळी फोड करतो आणि दोन देशांच्या फोडी जुळत नाहीत. 2014-16 च्या बोलण्यांत सायकल यादीत घ्यायची की नाही यावर सुद्धा घासाघीस झाली.

भारताचा स्वतःचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. राष्ट्रीय सौर मिशनमध्ये देशी सेलची अट होती. अमेरिका 2013 मध्ये व्यापार संघटनेकडे तक्रार घेऊन गेली, 2016 मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला आणि अपिलातही तो कायम राहिला. मग भारताने अमेरिकेतल्या राज्यांच्या तशाच देशी-मालाच्या योजनांविरुद्ध तक्रार केली आणि 2019 मध्ये ती जिंकली. दोन्ही निकालांचं तत्त्व एकच. स्वस्त वीज द्यायची योजना आणि देशी माल घेण्याची सक्ती, या दोन गाठी एकत्र बांधल्या की प्रकरण नियमात बसत नाही.

माझं स्पष्ट मत असं, की तुमच्यासारख्या ग्राहकाला जकातीपेक्षा जास्त नडतात ते चाचणी आणि नोंदणीचे अडथळे, आणि ते कमी करायला पैसाही लागत नाही. पॅनलला भारतीय मानक आयएस 14286 ची नोंदणी लागते. हे आंतरराष्ट्रीय आयईसी 61215 चंच रूप आहे. त्यातली डॅम्प हीट चाचणी म्हणजे 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रतेत पॅनल 1,000 तास ठेवायचं. 1,000 तास म्हणजे जवळजवळ 42 दिवस चेंबर अडकला. थर्मल सायकलिंगच्या 200 फेऱ्या, उणे 40 ते अधिक 85 अंश, तिथेही काही आठवडे. हीच चाचणी दुसऱ्या देशातल्या मान्य प्रयोगशाळेत झालेली असली तरी इथे पुन्हा करायची असेल, तर नवं आणि जास्त कार्यक्षम मॉडेल ग्राहकाच्या हातात यायला तेवढे महिने लागतात. एकमेकांच्या प्रयोगशाळांचे अहवाल मान्य करा. जकात हवी तर ठेवा, निदान हा वेळ वाचवा. दर्जात रतीभर तडजोड होत नाही.

सीबॅमबद्दल. तो लागतो सिमेंट, लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन यांना. टॉवेल त्यात नाही. ऑक्टोबर 2023 पासून नुसता अहवाल देण्याचा काळ होता, 1 जानेवारी 2026 पासून पैशांची जबाबदारी सुरू झाली, पण या सहा मालांपुरती. तुमचा खरेदीदार आकडा मागतो तो त्याच्या स्वतःच्या पुरवठा साखळीच्या हिशेबासाठी. तो द्या, टाळू नका. महिनावार महावितरणचे युनिट, सोलरचे युनिट, बॉयलरचं इंधन आणि तयार टॉवेलचं वजन, एवढं एका तक्त्यात ठेवा. ग्रिडच्या वीजेला युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. तुमचे वर्षाचे 87,600 सौर युनिट म्हणजे 60 टनांच्या वर. फताटेवाडीचा 1,320 मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प आपल्या शिवारातच आहे, त्यामुळे सोलापूरकराला हा आकडा समजावून सांगावा लागू नये.

---

सेललाइन

जकातनाका साहेबांच्या बाकी मुद्द्यांशी सहमत, पण ड्यूटी म्हणजे नुसता अडथळा असं चित्र अपुरं आहे. दुसरी बाजू मांडतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2022 च्या अहवालात सांगितलं, की पॉलिसिलिकॉन, इनगॉट, वेफर, सेल, पॅनल या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर आहे. एवढा माल एकाच दारातून येत असेल तर ते दार बंद करण्याची किल्लीही त्याच घरात असते. ऑक्टोबर 2023 मध्ये चीनने बॅटरीच्या ग्रॅफाइटवर निर्यात परवाना लावायची घोषणा केली. 1 डिसेंबर 2024 पासून पॅनल आणि बॅटरीवरचा निर्यात परतावा 13 वरून 9 टक्क्यांवर आणला. हेही व्यापाराचे अडथळेच, फक्त पलीकडच्या बाजूने लावलेले. आपण आपली ड्यूटी शून्य केली म्हणून ते हटत नाहीत.

भारतात पॅनल जोडण्याची यादीतली क्षमता ऑगस्ट 2025 मध्ये 100 गिगावॅटवर पोचली. सेलची क्षमता तिच्या बरीच मागे आहे. पॅनल जोडणं म्हणजे सेल ओळीत सोल्डर करणं, ईव्हीएच्या, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या, दोन थरांत दाबणं, लॅमिनेटरमध्ये भाजणं, फ्रेम लावणं. लाइन काही महिन्यांत उभी राहते. सेल करणं म्हणजे रसायनांच्या टाक्या, डिफ्यूजन भट्ट्या, व्हॅक्यूमची यंत्रं, अतिशुद्ध पाणी आणि सांडपाणी प्रक्रिया. पैसा कित्येक पट, वेळ दुप्पट. तुमचे वॅटला नऊ रुपये या दरीतून येतात. सेल कमी, मागणीला अटीचा आधार, मग भाव चढणारच.

पण माझ्या बाजूचीही चूक सांगतो, कारण ती खरी आहे. आपल्याकडे अडथळा असण्यापेक्षा अडथळा सतत हलत राहण्याने जास्त नुकसान केलं. जुलै 2018 मध्ये सेफगार्ड ड्यूटी, म्हणजे देशी उद्योग वाचवायला काही काळापुरती लावलेली जादा ड्यूटी, 25 टक्के. वर्षाने 20, सहा महिन्यांनी 15. मग मुदतवाढ देऊन 14.9 आणि 14.5, जुलै 2021 पर्यंत. मग काही महिने काहीच नाही. मग एप्रिल 2022 पासून 40. त्या मोकळ्या महिन्यांत लोकांनी गोदामं भरून ठेवली. एएलएमएमचंही तसंच, 2023-24 हे वर्षभर ती बाजूला ठेवली आणि एप्रिल 2024 ला परत आणली. असं झालं की कारखाना काढणाऱ्याला बँक कर्ज देताना कचरते आणि प्रकल्प करणारा जुन्या वीजदराच्या करारात अडकतो. ड्यूटी ठेवायची तर दहा वर्षांचं वेळापत्रक आधी छापा, दरवर्षी किती उतरणार ते लिहा आणि मधे हात लावू नका.

आणि उतरवायचीच असेल तर खालून उतरवा. सेल करायची यंत्रं, चांदीची पेस्ट, टार्गेट धातू, ही मोकळी करा. यंत्रांच्या यादीला सूट आहे, ती चांगली गोष्ट. पण सोलर काचेची सूट ऑक्टोबर 2024 पासून काढली आणि 10 टक्के लागू झाले. वर चीन आणि व्हिएतनामच्या काचेवर अँटी-डम्पिंग (पडत्या भावात ओतलेल्या मालावरची जादा ड्यूटी), चीनच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमवर अँटी-डम्पिंग. पॅनलवर 40 लावून त्याला संरक्षण दिलं म्हणायचं आणि काच-फ्रेमवर दुसऱ्या हाताने घ्यायचं. मधे चेपला जातो तो लहान पॅनलवाला, ज्याची स्वतःची काच नाही.

---

मागवाला_सोलापूर

मंडळी, मनापासून आभार. थांबायचं नाही एवढं पक्कं झालं. आता मेअखेर मीटर लागेल या हिशेबाने पळायचं ठरवलं तर पॅनल यादीतलं आहे हे ओळखायचं कसं? आणि पत्र्यावर बसवताना काय चुकतं?

---

छपरावरचा

यादी बघताना कंपनीचं नाव बघून थांबू नका. यादी मॉडेलनुसार असते. पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेल, शेवटची अक्षरं आणि वॅट धरून, यादीतल्या ओळीशी तंतोतंत जुळलं पाहिजे. त्या ओळीपुढची वैधतेची तारीखही वाचा. पॅनलमध्ये आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप, असतो, त्यात पॅनल आणि सेल कुठल्या देशात बनले ते नोंदलेलं असतं. माल उतरवायच्या आधी सिरीयल नंबरांची यादी आणि प्रत्येक नंबरचा फ्लॅश टेस्ट अहवाल (कारखान्यात मोजलेले वॅट) मागा. डीसीआर घेणार असाल तर सेलचा पुरावा पोर्टलवर तपासता येतो, नुसत्या लेटरहेडवरच्या पत्रावर विसंबू नका.

आता तुमचं छप्पर. 550 वॅटचं पॅनल साधारण 2278 बाय 1134 मिलिमीटर, वजन 28 किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंनी काच असेल तर 32. 18 पॅनलची एक माळ, अशा 6 माळा, 108 पॅनल, 59.4 किलोवॅट. नुसतं पॅनलचं क्षेत्र 280 चौरस मीटर होतं, चालायच्या वाटा धरून साडेचार हजार चौरस फूट मोकळं आणि सावलीविना लागेल. नॉर्थ-लाइट छप्पर असेल तर काचेच्या उभ्या बाजूची सावली मागच्या उतारावर पडते. डिसेंबरमधली सकाळी नऊ आणि दुपारी चारची सावली धरून मगच आराखडा करा.

18 का, तेही सांगतो. पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे भार न जोडता येणारा, 49.5 धरा. 18 चे 891. थंडीत व्होल्टेज वाढतं, अंशामागे 0.27 टक्के. सोलापुरात पहाटे 10 अंश धरले, म्हणजे 25 पेक्षा 15 खाली, तर 4 टक्के वाढ, 927 व्होल्ट. इन्व्हर्टरची मर्यादा 1,000 असेल तरी बसतं, 1,100 असेल तर निवांत. मर्यादा न बघता कोणी 1,000 व्होल्टच्या इन्व्हर्टरवर 20 ची माळ ओढली तर थंडीच्या सकाळी तो ओव्हर-व्होल्टेज दाखवून बंद पडतो किंवा जळतो, आणि त्याला वॉरंटी मिळत नाही.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. बाहेर 42 अंश असताना पत्र्यावरचं पॅनल 65 च्या पुढे जातं. पर्क या जुन्या प्रकारचा सेल अंशामागे 0.35 टक्के गमावतो. 40 अंश वर गेला की 14 टक्के गेले. टॉपकॉन हा नवा प्रकार 0.30, म्हणजे 12 टक्के. भावात थोडा फरक असेल तर सोलापूरला टॉपकॉन घ्या. पत्रा आणि पॅनल यांच्यात निदान 10 ते 15 सेंटिमीटर हवा खेळू द्या. 4 सेंटिमीटरच्या मिनी रेलवर चिकटवून बसवणं स्वस्त पडतं, पण एप्रिल-मेमध्ये तिथेच मार बसतो.

सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोक पाडू नका आणि त्यावर पाय देऊ नका, तो भुसकन खाली जातो. आधी रंगीत लोखंडी पत्रा टाकून घ्या, खर्च वेगळा धरा. क्लँप पत्र्याला नको, खालच्या पर्लिनला, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्टीला, धरला पाहिजे. ट्रसचं बळ स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. पॅनल, रेल मिळून चौरस मीटरला 12 ते 15 किलो येतात, पण वादळात वर ओढणारा जोर त्याहून बराच मोठा असतो.

टॉवेलच्या कारखान्यात एक गोष्ट वेगळी. एक्झॉस्टमधून उडालेलं कापसाचं तूस पहाटेच्या दवात पॅनलच्या खालच्या कडेला चिकटतं आणि फ्रेमच्या ओठावर त्याची करडी पट्टी जमते. खालची सेलची एक ओळ झाकली गेली की त्या पॅनलचं उत्पादन फार मोठ्या प्रमाणात पडतं, कारण सेल ओळीत जोडलेले असतात. एक्झॉस्टचं तोंड पॅनलच्या विरुद्ध दिशेला वळवा, दहा दिवसांनी खालची कड पुसा. बोअरचं जड पाणी उन्हात मारू नका. ते वाळून पांढरा थर बसतो आणि निघता निघत नाही. कमी क्षाराचं पाणी, सकाळी लवकर, मऊ ब्रश.

आणि एक हात जोडून सांगतो. डीसी कनेक्टर दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेचे हवेत. पॅनलचा एक आणि बाजारातला 'तसाच दिसणारा' दुसरा, असं जोडलं की आतली पिन नीट बसत नाही, रोध वाढतो, सांधा तापतो. हवेत तूस असलेल्या शेडवर तो सांधा पेटला तर काय होईल, ते सांगायला नको. 108 पॅनलच्या कामात नवे सांधे थोडेच असतात. दुपारच्या पूर्ण भारावर प्रत्येक सांधा थर्मल कॅमेऱ्याने बघून घ्या आणि त्याचे फोटो हँडओव्हरच्या फाइलमध्ये ठेवा.

---

मोहोळचा_शेतकरी

मधेच विचारतो, माफ करा. साडेतीन एकर, 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये अर्ज करायचा आहे. वरची डीसीआर, ड्यूटीची भानगड आम्हाला लागते का?

---

हिशेबी_पार्क चौक

तुम्हाला पॅनल निवडायचं नसतं, भाऊ. डीसीआर पॅनल योजनेतच धरलेलं असतं आणि तुमचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के. अडीच ते पाच एकराला 5 एचपी बसतो. विहीर की बोअर आणि पाणी किती खोल, हे अर्जात बरोबर लिहा. खोली चुकीची लिहिली की पंप बसतो पण धार बारीक येते.

---

मागवाला_सोलापूर

छपराची माहिती अमूल्य आहे. आज दुपारीच एक्झॉस्ट बघितला, थेट दक्षिण उतारावर फेकतोय. वळवून घेतो. करारात ड्यूटीबद्दल काय लिहून घेऊ? दुसऱ्या कोटेशनमध्ये 'कर व शुल्कात वाढ झाल्यास फरक ग्राहकाकडून' एवढंच आहे.

---

जकातनाका

ती ओळ एकतर्फी आहे, तशीच सही करू नका. असं लिहून घ्या:

'कोटेशनच्या तारखेनंतर सीमाशुल्क, उपकर किंवा जीएसटीत वाढ अथवा घट झाल्यास, प्रत्यक्ष पुरवलेल्या मालावर झालेला फरक बिल ऑफ एंट्री किंवा पुरवठादाराच्या बीजकाच्या आधारे, दोन्ही दिशांनी, किमतीत धरला जाईल. पुरवठादाराच्या विलंबामुळे लागू झालेली वाढ पुरवठादार सोसेल.'

त्याखाली दुसरं कलम: 'मीटर बसून प्रकल्प 31 मे 2026 पर्यंत कार्यान्वित न झाल्यास आणि त्या कारणाने पॅनल सेलच्या यादीच्या नियमात न बसल्यास, पुरवठादार स्वखर्चाने नियमात बसणारे पॅनल देईल.' हे कलम लिहायला जो तयार होतो, त्याला मेअखेरची खात्री आहे असं समजा. जो काचकूच करतो, त्याच्याकडून आजच डीसीआरचा भाव मागवा.

पैसे देताना 10 टक्के मीटर लागल्यावर आणि 5 टक्के पहिल्या उन्हाळ्यानंतर द्या. अर्ज मात्र उद्याच टाका. तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच्या लोकांनी किती सोलर जोडलं आहे, यावर मंजुरी ठरते. तिथे जागा संपली असेल तर ट्रान्सफॉर्मर वाढवण्यात महिने जातात, आणि ते पॅनल येण्याआधी कळलेलं बरं.

---

मागवाला_सोलापूर

दोन्ही कलमं छापून घेतली. सकाळी महावितरणच्या उपविभागात जातोय, ट्रान्सफॉर्मरचा आकडा कळला की इथेच टाकतो.